बीप वाजल्यानंतर बोला

“हर्षू, चप्पल राहू दे गं, आधी गाडीत बस!” वहिनी फाटकातूनच ओरडली.

एक चप्पल पायात आणि एक हातात अशी मी धावले. शेजारच्या झेंडेकाकांनी त्यांची मारुती सुरूच करून ठेवली होती. दादा पुढच्या सीटवर बसला होता. मांडीवर फाइल, शर्टाची बटणं एकाआड एक लागलेली. आई माझ्या भाचीला कडेवर घेऊन दारात उभी होती. “घोटभर पाणी तरी पिऊन जा रे,” ती म्हणाली आणि लगेच तिनं जीभ चावली. कारण हॉस्पिटलमधून बजावून सांगितलं होतं, काही खायचं नाही, काही प्यायचं नाही, आहात तसे निघा.

तीन वर्षं आम्ही ज्या फोनची वाट बघत होतो तो त्या सकाळी आला होता.

माझा भाऊ भूषण. सासवडला एसटी स्टँडजवळ त्याचं फ्लेक्स आणि लग्नपत्रिका छापायचं दुकान. तिशी ओलांडता ओलांडता त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. आईला शुगर, माझा रक्तगट जुळेना, वहिनीचाही जुळेना. मग पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात त्याचं नाव नोंदवलं. कुणी ब्रेन डेड झाला, त्याच्या घरच्यांनी मन मोठं केलं, तर नोंदवलेल्यांपैकी एकाला किडनी मिळते. तोवर आठवड्यातून दोनदा पुण्याला जाऊन डायलिसिस. दादा सकाळी जायचा तो संध्याकाळी पिळून वाळत घातलेल्या कपड्यासारखा परत यायचा.

फोनवरच्या बाईंनी सांगितलं होतं, “किडनी मिळायची शक्यता आहे. तुमचा नंबर दुसरा आहे, पण या.” त्यातला ‘दुसरा’ हा शब्द वहिनीनं ऐकलाच नव्हता. मी ऐकला होता, पण उच्चारला नव्हता.

दिवे घाट उतरताना दादाला तर ऊतच आला. दर वळणावर कुणा ना कुणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, आणि निम्मे त्याच्याच दुकानातले.

“काका, उद्या इथं माझा लावायचा बरं का. ‘नवीन किडनी बसवल्याबद्दल भूषणशेठ बोरावके यांचे हार्दिक अभिनंदन.’ शुभेच्छुक म्हणून तुमचा फोटो टाकतो, चष्म्यासकट.”

“टाक बाबा,” झेंडेकाका म्हणाले, “पण मला हसवू नको, घाट आहे.”

वहिनी मागच्या सीटवर माझा हात घट्ट धरून बसली होती. तिचं नाव वैजयंता. मी आठवीत असताना ती लग्न होऊन आमच्या घरी आली आणि माझ्या वेण्या घालायला लागली, तेव्हापासून माझी वहिनी कमी आणि बहीणच जास्त. त्या दिवशी तिच्या बांगड्या माझ्या मनगटात रुतत होत्या आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. मला सारखं ओरडावंसं वाटत होतं. घाटातल्या सगळ्या ट्रकवाल्यांना सांगावंसं वाटत होतं, सरका, आमचा फोन आलाय!

हॉस्पिटलात पोचताच त्यांनी दादाचं रक्त काढून तपासणीला पाठवलं आणि त्याला आत नेलं. तिसऱ्या मजल्यावर ट्रान्सप्लांटचं छोटं ऑफिस होतं. तिथं शमीम तांबोळी मॅडम बसायच्या. चाळिशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला, टेबलावर दोन फोन. त्यांनी आम्हाला समोर बसवलं आणि कुणाला आशा लावू नये, कुणाची मोडूही नये, अशा आवाजात सांगायला सुरुवात केली.

“एक किडनी दुसऱ्या हॉस्पिटलला जातेय, एक आपल्याकडं आहे. पहिल्या नंबरच्या पेशंटला मी पहाटेपासून फोन करतेय. लागत नाहीये. रक्त जुळवून बघायला वेळ लागतो, आणि किडनी फार थांबत नाही. त्यामुळं साडेअकरापर्यंत त्यांचं उत्तर आलं नाही, तर तुमच्या पेशंटला तयार करायला घेऊ. अर्थात रक्त जुळलं तर.”

वहिनीचा चेहरा आधी पडला आणि मग हळूहळू उजळत गेला. “म्हणजे ते आले नाहीत तर...”

“तर तुम्ही,” मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी खालच्या मजल्याकडं बोट केलं. “खाली एक कुटुंब बसलंय. ज्यांचा माणूस गेलाय ते. जाता-येता आवाज जरा हळू ठेवा, एवढंच.”

आम्ही बाहेरच्या बाकावर येऊन बसलो. दहा वाजून गेले होते. वहिनीनं पर्समधून जेजुरीच्या भंडाऱ्याची पुडी काढली आणि माझ्या कपाळाला बोट लावलं.

“हर्षू, पाप लागेल मला,” ती कुजबुजली, “पण खंडोबाला सांगतेय, अजून तासभर त्याचा फोन लागू देऊ नकोस.”

मी हसले. मलाही तेच हवं होतं.

तेवढ्यात मॅडमनी दादाच्या ओळखपत्राची झेरॉक्स मागितली म्हणून मी ती द्यायला आत गेले. त्यांच्या दोन्ही हातांत कागद होते, त्यामुळं टेबलावरचा फोन स्पीकरवर होता. रिंग न वाजताच एक बाई बोलू लागली. गोड, सावकाश, शेवटच्या शब्दावर थोडा हेल काढून.

“आपण ज्या व्यक्तीशी संपर्क करू इच्छिता, ती सध्या उपलब्ध नाही. कृपया बीप वाजल्यानंतर आपला निरोप ठेवा.”

बीप.

“नमस्कार, मी हॉस्पिटलमधून तांबोळी बोलतेय,” मॅडम फोनकडं वाकून म्हणाल्या. “हा निरोप मिळाल्याबरोबर फोन करा. काही न खाता लगेच निघा. किडनी मिळायची शक्यता आहे. हा माझा चौथा निरोप आहे.” फोन बंद करून त्या माझ्याकडं वळल्या. “निरोप तर ठेवलाय. ऐकला की करतील फोन.”

ती गोड बाई माझ्या ओळखीची होती.

तेव्हा मी पुण्यात एका मोबाइल कंपनीच्या कस्टमर केअरमध्ये कामाला होते. दिवसभर कानाला हेडफोन. नुकतीच नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय सुरू झाली होती, त्यामुळं लोक इकडून तिकडं जात होते आणि प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी असल्यानं वैतागून आम्हाला फोन करत होते. व्हॉइसमेल हा तर सगळ्यात डोकेदुखीचा विषय. आमच्या कंपनीत कुणी निरोप ठेवला की स्क्रीनवर पाकिटाचं चित्र यायचं, एक आकडा दाबला की निरोप ऐकू यायचा. दुसऱ्या एका कंपनीत व्हॉइसमेल नव्हतंच, नुसतं ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’. आणि तिसऱ्या कंपनीची ही गोड बाई. ती सगळ्यांचे निरोप घ्यायची. पण ज्याचा फोन आहे त्यानं ती सेवा वेगळी घेतलेली नसेल, तर त्याला निरोप ऐकू यायचाच नाही, आणि ती घेणारा शंभरात एखादाच असायचा. रेंजमध्ये आल्यावर त्याला एक इंग्रजी एसएमएस यायचा, अमुक नंबर लावून सेवा सुरू करा. तो दिसायचा अगदी जाहिरातीसारखा. लोक न वाचताच पुसून टाकायचे. बोलणाऱ्याला वाटायचं निरोप पोचला. ज्याच्यासाठी ठेवला त्याला पत्ताच नसायचा. त्यावरून झालेली भांडणं मी रोज ऐकायचे. एका बाईंनी तर सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं होतं, साखरपुड्याचं आमंत्रण देऊनही आला नाही म्हणून.

मॅडमनी त्या गोड बाईकडं चार निरोप ठेवले होते, आणि ते चारही कुठंही पोचणार नव्हते.

मी झेरॉक्स टेबलावर ठेवली आणि बाहेर आले. वहिनीशेजारी बसले.

“लागला का त्याचा?” वहिनीनं विचारलं.

“नाही.”

“लागायचा पण नाही बघ,” ती म्हणाली आणि तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. “हर्षू, तुला सांगू? पहिल्यांदा काय करणार माहितीये? ह्यांना घेऊन कोकणात जाणार. तीन वर्षांत एक रात्र बाहेर राहिलो नाही आम्ही. डायलिसिसच्या वाराला बांधलेले.”

समोरच्या दाराच्या काचेतून दादा दिसत होता. हिरवा गाऊन घालून खाटेवर पाय हलवत बसलेला. नर्सला काहीतरी सांगून हसवत होता. आम्हाला बघून त्यानं अंगठा वर केला. मीही केला.

मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी गप्प बसले असते, तर कुणालाच काही कळलं नसतं. पहिल्या नंबरच्या माणसालासुद्धा नाही. हे सगळं त्या वेळी माझ्या डोक्यात इतकं लख्ख होतं की मी खाली फरशीकडं बघत राहिले. वहिनी कोकणाबद्दल बोलत होती. मी “हो, हो” म्हणत होते.

मग मी उठले.

“कुठं?” वहिनी म्हणाली.

“आलेच.”

मॅडमच्या दारात उभी राहिले आणि माझ्या तोंडून जे वाक्य निघालं ते ड्यूटीवर दिवसातून पन्नास वेळा निघायचं तेच होतं. तशाच ठेक्यात. “मॅडम, निरोप ठेवला म्हणजे समोरच्याला मिळाला, असं समजू नका.”

“म्हणजे?”

मी सांगितलं. उभ्या उभ्याच, भराभरा. ती कंपनी, ती गोड बाई, तो इंग्रजी एसएमएस. मॅडमचा कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आला.

“पण मग ते रेंजमध्ये आले की त्यांना मिस्ड कॉल दिसेलच ना?”

“दिसणार नाही. रेंज नसताना आलेला कॉल फोनला कळतच नाही. त्यांना तुम्ही फोन केलाय हेच माहीत नाहीये.”

मॅडमनी हातातले कागद खाली ठेवले. “तू काय बोलतेयस हे तुला कळतंय ना?”

“कळतंय,” मी म्हणाले. “लवकर करा. नाहीतर मी बदलेन.”

त्यांनी लगेच फाइल ओढली. “नाव-गाव तुला सांगता येणार नाही मला. दुसरा नंबर दिराचा आहे, तो बंद आहे. तालुका वेल्हे. खिंडीपलीकडचं गाव.”

“वेल्ह्याचं खोरं?” मी खुर्ची ओढून बसले. तिकडच्या तक्रारी मी वर्षभर घेतल्या होत्या. “तिकडं आत फक्त सरकारी कंपनीची रेंज पोचते. बाकीच्यांना खिंडीत येऊन उभं राहावं लागतं. गावातल्या कुणाकडं तरी सरकारी सिम असेल. त्याला गाठायचं. पेशंट डायलिसिसला कुठं जातात?”

“हायवेवरच्या सेंटरला.” मॅडमनी तिथं फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडं मशीनची टींटीं, आणि एका टेक्निशियनचा आवाज. मॅडमनी काय हवंय ते सांगितलं.

“गावातला नंबर नाही मॅडम,” तो म्हणाला. “पण त्या वडापच्या जीपनं येतात ना! मारुती भुरुकची जीप. तोच आणून सोडतो, तोच नेतो. त्याचा नंबर आहे माझ्याकडं. दोन आहेत.”

“दोन्ही द्या!” मी आणि मॅडम एकदम ओरडलो.

पहिला नंबर लावला. आपण ज्या व्यक्तीशी संपर्क करू इच्छिता... तीच बाई! मी तिच्या तोंडावर फोन कट केला. दुसऱ्याचे पहिले चार आकडे बघितले आणि टेबलावर हात आपटला. “सरकारी आहे!”

रिंग वाजली. एकदा, दोनदा, बराच वेळ. मग खडखड, हॉर्न, कोंबडीचा कलकलाट आणि एक रांगडा आवाज.

“हां, बोला! गाडी चालवतोय!”

मॅडम बोलू लागल्या. हॉस्पिटल, किडनी, पेशंट. त्याला अर्धवट ऐकू जात होतं. “कोण? कुठली किडनी?” मग त्यांनी पेशंटचं नाव घेतलं, माझ्यासमोरच. तेव्हा नियम कुणाच्या लक्षातच राहिले नव्हते. “सुरेखा! सुरेखा रेणुसे!”

“सुरेखावहिनी? आयला! त्यांचा नंबर लागला?” ब्रेक करकचून दाबल्याचा आवाज आला. आतली माणसं ओरडली. “ओ मॅडम, मी बाजाराचं भाडं घेऊन वेल्ह्याकडं निघालोय. गाव मागं राहिलं. ती दोघं खाचरात असतील, भात झोडायला काढलाय त्यांनी.”

“मग?” मॅडम म्हणाल्या.

क्षणभर नुसतं इंजिन ऐकू आलं. मग तो मागं वळून कुणाला तरी म्हणाला, “मावशे, बाजार राहू दे आज. गाडी फिरवतोय!”

आणि आम्हाला, “फोन चालू ठेवा मॅडम. आलोच.”

फोन चालू राहिला. तशी दहा मिनिटं मी आयुष्यात पुन्हा अनुभवली नाहीत. टेबलावरच्या त्या फोनमधून एक अख्खी जीप खडखडत, आदळत, हॉर्न वाजवत धावत होती. आतली माणसं एकमेकांना सांगत होती. “किडनी म्हंजे काय गं?” “मूतपिंड.” “आन् ते कुणाचं बसवनार?” “गप बसा, दगूड आलाय म्होरं!” मी आणि मॅडम टेबलावर वाकलो होतो. मॅडमनी माझा हात धरला होता. घड्याळाचा काटा पुढं सरकत होता. आपण कुणाला शोधतोय आणि तो सापडला की काय होणार, हे मी विसरून गेले होते. मला फक्त ती जीप त्या गावात पोचायला हवी होती.

“ओ रेणुसेभाऊऽऽ!” भुरुक बोंबलला. जीप थांबली. “सुरेखावहिनीला बोलवा! सोडा ते सगळं, बोलवा!”

धावण्याचे आवाज. कुणीतरी धापा टाकत होतं. मग फोन हातात घेतल्याची खरखर, आणि एका बाईचा दमलेला, घाबरलेला आवाज.

“हॅलो?”

“सुरेखाताई,” मॅडम म्हणाल्या, आणि इतका वेळ खणखणीत असलेला त्यांचा आवाज चिरकला. “सकाळपासून काय खाल्लंय?”

“च्या घेतला. अर्धा कोप. का वो?”

“आता काही खाऊ नका. जशा आहात तशा निघा.”

मग ती बाई हुंदका देऊन हसली, की रडली, आणि मागं सगळ्या जीपनं एकच गिल्ला केला. मी खुर्चीतून उडी मारली. “सापडल्या!” मी ओरडले. मॅडमनी मला मिठी मारली.

त्यांच्या खांद्यावरून मला दारात उभी असलेली वहिनी दिसली.

ती किती वेळ तिथं होती माहीत नाही. तिनं सगळं ऐकलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. तिनं आवाज चढवला नाही. फक्त म्हणाली, “तू शोधून दिलीस?”

“वहिनी...”

“सख्खा भाऊ आहे तुझा.” एवढं बोलून ती बाकावर जाऊन बसली. मी शेजारी बसायला गेले तर उठून खिडकीशी उभी राहिली.

एक वाजायच्या आत हॉस्पिटलच्या दारात चिखलानं माखलेली जीप येऊन थांबली. मी खिडकीतून बघत होते. वहिनीही बघत होती, माझ्यापासून चार हात लांब. जीपमधून आधी सुरेखाचा नवरा उतरला. त्याच्या केसांत, सदऱ्यावर भाताचा पेंढा अडकलेला होता, पाय अनवाणी. त्यानं हात देऊन तिला उतरवलं. काडीसारखी बाई, भर दुपारी अंगात स्वेटर. त्यांच्या मागोमाग दोन म्हाताऱ्या, पिशव्या घेतलेला एक माणूस, आणि कोंबडी काखेत घेतलेली मावशी. बाजाराला निघालेले ते सगळे तसेच पुण्याला आले होते. वाटेत उतरायला कुणी तयारच झालं नव्हतं म्हणे. वॉचमन कोंबडीला आत सोडेना आणि मावशी कोंबडीला सोडेना.

एरवी वहिनी हसून हसून लोळली असती.

सुरेखाचं रक्त जुळलं. दादाचंही जुळलं होतं, पण आता त्याचा उपयोग नव्हता. संध्याकाळी मॅडम स्वतः त्याला सांगायला गेल्या. तो हिरवा गाऊन उतरवून, तोच शर्ट घालून बाहेर आला. या वेळी बटणं नीट लागलेली होती.

परतीच्या वाटेवर हडपसर मागं पडल्यावर वहिनी म्हणाली, “ह्यांना सांग, कुणी काय केलं ते.”

मी सांगितलं. पुढच्या सीटकडं बघत, दादाच्या मानेला सांगितलं. झेंडेकाकांनी गाडी हळू केली होती.

“मला विचारावंसं नाही वाटलं तुला?” वहिनी म्हणाली.

“विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?”

“सांगू नको म्हणाले असते.” ती खिडकीबाहेर बघत होती. “पाया पडले असते तुझ्या.”

“म्हणून नाही विचारलं.”

दादा घाट चढून गेल्यावर म्हणाला, “हर्षू, आत्ता मला काही विचारू नकोस. मी चांगलं बोलेन असं वाटत नाही.”

दोन दिवसांनी तो डायलिसिसला गेला तेव्हा मीच सोबत होते. वहिनी आली नव्हती. खाटेवर पडल्या पडल्या, हातात सुया टोचलेल्या असताना, त्यानं मोबाइल मागितला आणि तांबोळी मॅडमना फोन लावला.

“मॅडम, भूषण बोरावके. एकच विचारायचं होतं. त्या बाईंना लघवी झाली का?”

किडनीच्या माणसाला याहून मोठा प्रश्न नसतो. वर्ष वर्ष थेंब होत नाही. नवी किडनी चालली की नाही, ते त्यावरूनच कळतं. मॅडम मोठ्यानं हसल्या, मला बाजूला ऐकू आलं. “तुम्हाला दुसऱ्या पेशंटबद्दल काही सांगता येत नाही, माहितीये ना? पण तुम्हाला सांगते. झाली. धो धो झाली.”

दादानं फोन पोटावर ठेवला. त्याचे डोळे भरले होते, पण चेहरा सगळा हसत होता. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना तो म्हणाला, “आजोबा, झाली बरं का! धो धो!” आजोबांनी कोण, कुठली काही न विचारता हात जोडले. पलीकडच्या खाटेवरच्यानंही विचारलं, आणि मग त्या अख्ख्या खोलीत, मशीनला बांधलेले सात-आठ जण, ओळख ना पाळख अशा एका बाईच्या लघवीवर खूश होऊन हसत होते.

“बोल आता,” दादा मला म्हणाला. “आता चांगलं बोलता येईल.”

वहिनी मात्र बोलली नाही. म्हणजे चहा दे, दूध उतू जातंय, एवढं बोलायची. माझ्या वेणीला हात लावायची नाही. तिचं चुकत होतं असं मला कधीच वाटलं नाही. दादा त्या उन्हाळ्यात दोनदा अॅडमिट झाला. एकदा तर फुप्फुसात पाणी भरलं आणि रात्रभर आम्ही दोघी आयसीयूबाहेर एकाच चटईवर पाठीला पाठ लावून पडलो होतो. त्या रात्री मला स्वतःचा राग आला होता, हे कबूल करते. सकाळी दादा शुद्धीवर आला आणि तो राग गेला. पुन्हा येऊन जायचा. असं वर्षभर चाललं.

पुढच्या फेब्रुवारीत सकाळी भाकरी थापताना वहिनीचा फोन वाजला. पिठाच्या हातानं तिनं तो उचलला. तांबोळी मॅडम होत्या. या वेळी दादाचा नंबर पहिला होता.

पुन्हा झेंडेकाकांची मारुती, पुन्हा घाट. पण दादानं विनोद केले नाहीत आणि कुणी कुणाचा हात धरला नाही. भीतीच जास्त होती. दुपारी रक्त जुळल्याचं कळलं आणि दादाला आत नेलं. स्ट्रेचर दरवाज्याआड गेलं तेव्हा मी भिंतीला टेकून रडत होते. डोळे पुसून बघितलं तर वहिनी जागेवर नव्हती.

मी तिला शोधायला निघाले. जिन्याच्या कोपऱ्यात एक कुटुंब बसलं होतं. पन्नाशीचा एक माणूस, चेहरा पिवळा पडलेला, हातावर डायलिसिसची पट्टी. शेजारी त्याची बायको. त्यांना बोलावून घेतलं होतं, दुसरा नंबर म्हणून. आता त्यांनी घरी जायचं होतं, आणि त्यांना उठवत नव्हतं.

वहिनी त्या बाईंजवळ जमिनीवर बसली होती. त्यांच्या पाठीवर हात फिरवत काहीतरी सांगत होती. मला बघून उठली, पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडं चालत आली. वर्षभरात पहिल्यांदा तिनं सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं.

“काय सांगत होतीस त्यांना?” मी विचारलं.

“म्हटलं, रडू नका ताई,” वहिनी म्हणाली. “आता पहिला नंबर तुमचा. फोन लागला नाही, तर आमची हर्षू शोधून काढेल.”